शॉर्टकट बटणांची मांडणी डिझाइनच्या अभ्यासक्रमात यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्राफिक डिझाइन, चित्रांकन, पानांची मांडणी, वास्तुरेखन आणि त्रिमितीय आकार घडवणे या कामांसाठी आज जी उपकरणे मिळतात, त्यांतल्या बहुतेकांवर आपल्याला हवे ते काम नेमून देता येईल अशी बटणे असतात. पेन टॅब्लेटच्या, म्हणजे पेनाने संगणकावर चित्र काढण्याच्या पाटीच्या, कडेला बटणांची रांग असते, पेनाच्या दांड्यावर बोटाखाली दोन असतात, माऊसच्या कुशीत अंगठ्यासाठी दोन किंवा अधिक असतात आणि आता तर रिकाम्या हातासाठी कळा व फिरती चकती असलेले वेगळे छोटे कीपॅडही मिळतात. ही उपकरणे वापरणारे पुष्कळ लोक ती बटणे कारखान्यातून आली तशीच ठेवतात, आणि काही जण तर नको तेव्हा दाबली जातात म्हणून ती कायमची बंद करून टाकतात. डिझाइनची सॉफ्टवेअर शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि यात वापरणाऱ्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. सॉफ्टवेअरमधील एकेक मेनू उलगडून शिकवला जातो. पण हातातले उपकरण त्या सॉफ्टवेअरशी कसे जुळवून घ्यावे, हे कोणत्याही तासाला शिकवले जात नाही. शिक्षणसंस्था, कार्यालये आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या या तिघांचेही या उणिवेकडे लक्ष वेधावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

संगणकावर चित्र काढण्याची सुरुवात दोन्ही हातांनी झाली होती, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली, तेव्हा एका हातात लाइट पेन, म्हणजे थेट पडद्यावर टेकवायचे पेन, आणि दुसऱ्या हाताखाली बटणांची पेटी अशी तिची रचना होती. रेषा कुठे हवी ते पेन दाखवत असे आणि त्या जागी काय करायचे ते बटण सांगत असे. पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा संच होता. त्या पाच कळा एकेकट्या किंवा एकत्र दाबून ३१ वेगवेगळे संकेत देता येत. माऊस जगभर पसरला. डाव्या हाताचा तो कळसंच मात्र मागे पडला आणि त्याचे काम कीबोर्डच्या गळ्यात आले. कीबोर्ड मुळात मजकूर टाइप करण्यासाठी रचलेला आहे, त्यामुळे चित्र काढता काढता एकाच हाताने कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि आणखी एखादे अक्षर दाबायचे म्हटले की बोटे ताणली जातात आणि नजर पडद्यावरून कळांकडे वळते. नेमून देता येणारी बटणे ही त्या हरवलेल्या कळसंचाची जागा भरून काढतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे हौसेची वस्तू म्हणून पाहणे चुकीचे आहे.

दोन हातांनी काम करणे म्हणजे दोन्ही हातांनी सारखेच काम करणे नव्हे. फ्रेंच संशोधक ईव्ह ग्यार यांनी १९८७ मध्ये हे नीट मांडून दाखवले. आपण कागदावर लिहितो तेव्हा लिहिणारा हात अक्षरे काढतो आणि दुसरा हात कागद धरतो, सरकवतो, तिरका करतो. म्हणजे दुसरा हात जागा तयार करून देतो आणि मुख्य हात त्या जागेत बारीक काम करतो. बटणांची मांडणी करताना हेच सूत्र धरावे, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. चित्र सरकवणे, जवळ आणणे, लांब नेणे, फिरवणे, ब्रशचा आकार लहान-मोठा करणे आणि केलेले मागे घेणे ही सगळी जागा तयार करण्याची कामे आहेत आणि ती दुसऱ्या हाताकडे जावीत. रेष ओढणारा हात रेषेवरच राहावा. त्रिमितीय कामासाठी जो स्पेसमाऊस मिळतो, त्याची घडण नेमकी याच विचाराची आहे: त्याची मूठ तीन दिशांना सरकते आणि तीन अक्षांभोवती फिरते, आणि उजव्या हाताने काम करणारा माणूस ती डाव्या हाताखाली ठेवतो.

बटणांनी नेमका किती वेळ वाचतो, असा प्रश्न हमखास विचारला जातो. कार्ड, मोरान आणि न्यूएल या संशोधकांनी १९८० मध्ये संगणकावरील कामाचा वेळ मोजण्याचे जे प्रारूप मांडले, त्यात माऊसने एखाद्या जागेवर नेम धरायला साधारण १.१ सेकंद, हात कीबोर्डवरून माऊसवर न्यायला ०.४ सेकंद, आणि पुढे काय करायचे याची मनाशी जुळवाजुळव करायला १.३५ सेकंद धरलेले आहेत. टूलबारवर जाऊन टूल निवडायचे आणि पुन्हा चित्रातल्या जागेवर यायचे म्हणजे नुसत्या नेमाचेच दोन सेकंदांहून अधिक झाले. बोटाखालचे बटण दाबायला त्याच्या एक दशांशच्या आसपास वेळ पुरतो. पण माझ्या मते या तीन आकड्यांतला सर्वांत मोलाचा आकडा शेवटचा आहे. कोणते बटण कशाचे, हे दर वेळी आठवावे लागत असेल, तर वाचलेला बराचसा वेळ त्या आठवण्यातच परत जातो. म्हणून बटणांचा फायदा त्यांच्या संख्येवर ठरत नाही, तर त्यांतली किती बटणे हाताला न विचारता सापडतात यावर ठरतो. बारा बटणे नेमून त्यांतली चारच अंगवळणी पडली असतील, तर उरलेली आठ त्या चारांच्या वाटेत येतात.

हे सर्व मान्य केले, तरी कोणत्या आज्ञा बटणांवर घ्यायच्या हे अंदाजाने ठरवू नये. आपण काय वारंवार करतो याबद्दलची आपली समजूत आणि प्रत्यक्ष यांत बरेच अंतर असते. वास्तुरेखनाच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये ‘लॉगफाइलऑन’ ही आज्ञा दिली की कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या ओळीवर, उमटलेले सगळे एका मजकुराच्या फाइलीत साठत जाते. फोटोशॉपच्या प्राधान्यक्रमांत ‘हिस्टरी लॉग’ नावाची सोय आहे आणि ती सुरू केली की चित्रावर केलेल्या क्रियांची नोंद राहते. नेहमीचे काम चालू असताना ही नोंद होऊ द्यावी आणि मग ती निवांत बसून वाचावी. ऑटोकॅडच्या नोंदीत मूव्ह, कॉपी, ट्रिम, ऑफसेट यांची रांगच्या रांग दिसते, आणि जी आज्ञा आपल्याला फार महत्त्वाची वाटत होती ती एखाद्या कोपऱ्यात सापडते. फोटोशॉपच्या नोंदीत चित्र सरकवणे आणि झूम करणे येत नाही, एवढे लक्षात ठेवावे, कारण बहुतेकांच्या कामात सर्वाधिक वेळा होणारी गोष्ट तीच असते.

यानंतरचा टप्पा सर्वांत नाजूक आहे आणि नेमका तोच कोणी समजावून देत नाही. उपकरणाचे बटण आपल्या मनातली आज्ञा पाठवत नाही; ते फक्त कळ दाबल्याचा संदेश पाठवते, आणि त्या क्षणी समोर जे काही उघडे असेल ते त्या संदेशाचा आपापला अर्थ लावते. फोटोशॉपमध्ये ब्रशसाठी बी हे अक्षर आहे म्हणून एका बटणावर बी नेमले, आणि मथळ्याचा मजकूर दुरुस्त करताना ते बटण दाबले गेले, तर ब्रश येण्याऐवजी मथळ्यात बी हे अक्षर उमटते. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि क्यू या जोडीने अक्षरांचे वक्रांत रूपांतर होते, म्हणजे ती फॉन्टवर अवलंबून न राहता नुसत्या आकृत्या बनतात, आणि छपाईला फाइल पाठवण्यापूर्वी ते सहसा करावे लागते. इलस्ट्रेटरमध्ये हीच जोडी दाबली की सॉफ्टवेअर बंद होऊ लागते; तिथे त्याच कामासाठी, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा करण्यासाठी, कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबावे लागते. दोन्ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाने एकच बटण सगळीकडे सारखे ठेवले, तर हा घोटाळा अटळ आहे. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी बटणांचे वेगळे प्रोफाइल करता येते ते याचसाठी. मी असा नियम सांगते की बटणाची जागा कामाशी बांधावी आणि त्यामागची कळ सॉफ्टवेअरप्रमाणे बदलू द्यावी: वरचे बटण सगळीकडे मागे घेण्याचे, त्याखालचे सगळीकडे चित्र सरकवण्याचे, आणि वक्रांत रूपांतराचे बटण कोरलड्रॉत एक जोडी पाठवते, इलस्ट्रेटरमध्ये दुसरी, पण बोटाला ते एकाच ठिकाणी सापडते.

ऑटोकॅडमध्ये याहून भक्कम मार्ग उपलब्ध आहे. तिथे ‘सीयूआय’ ही आज्ञा देऊन माऊसच्या बटणांवर आणि फंक्शन कळांवर थेट मॅक्रो, म्हणजे एका दाबात चालणाऱ्या आज्ञांच्या साखळ्या, बसवता येतात, आणि त्या मॅक्रोच्या सुरुवातीला चालू आज्ञा रद्द करणारे चिन्ह दोनदा लिहिण्याची पद्धत आहे. हे दोनदा लिहिणे वरवर निरर्थक वाटते, पण एखाद्या आज्ञेच्या पोटात आपण एक पायरी आत गेलेलो असलो तर एकदा रद्द केल्याने फक्त ती आतली पायरी सुटते. याउलट, मधेच झूम करून पुन्हा त्याच आज्ञेत परतायचे असेल तर काहीही रद्द होऊन चालत नाही. त्यासाठी आज्ञेच्या नावाआधी एकेरी अवतरणचिन्ह देतात. बटण जिवंत कामाच्या मधोमध दाबले जाणार आहे, हा विचार त्या एवढ्याशा चिन्हांत आहे आणि तो शिकवण्यासारखा आहे.

दाबून धरण्याचे बटण आणि दाबून सोडण्याचे बटण यांतला फरकही असाच दुर्लक्षित राहतो. स्पेसबार दाबून धरली तोवर चित्र हाताने सरकवता येते आणि सोडली की आधीचे टूल परत येते. फोटोशॉपमध्ये टूलचे अक्षर दाबून धरले तर तेवढ्यापुरते ते टूल हातात येते, म्हणजे ई दाबून धरून खोडायचे आणि सोडताच ब्रशवर परतायचे. ही सोय बटणावर आणायची असेल तर बटण दाबलेले असेपर्यंत कळही दाबलेली राहिली पाहिजे. काही उपकरणांचे ड्रायव्हर कळ दाबून लगेच सोडल्याचा संदेश पाठवतात, आणि मग सरकवण्याचा हात क्षणभर येतो व नाहीसा होतो. वापरणाऱ्याला वाटते की उपकरण बिघडले. उलट प्रकारही घडतो: कंट्रोल धरलेले असताना दुसरी खिडकी पुढे आली की सोडल्याचा संदेश वाटेत हरवतो आणि पुढचा प्रत्येक क्लिक कंट्रोल धरल्यासारखा वागू लागतो. अशा वेळी कीबोर्डवरची खरी कंट्रोल कळ एकदा दाबून सोडली की बहुधा सगळे ताळ्यावर येते. एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे लोक संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात.

चांगली मांडणी किती फरक पाडते, याचे उत्तम उदाहरण ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते. तिथे दृश्य फिरवायला माऊसचे मधले बटण लागते, शिफ्टबरोबर ते सरकवते आणि कंट्रोलबरोबर जवळ-लांब नेते. पेनाला मधले बटण नसते, म्हणून पेनाने शिल्पकाम करू पाहणारे नवखे विद्यार्थी दर थोड्या वेळाने पेन खाली ठेवून माऊस उचलताना दिसतात. पेनाच्या दांड्यावरचे खालचे बटण मधल्या क्लिकला नेमावे आणि टॅब्लेटच्या कडेच्या दोन बटणांवर शिफ्ट व कंट्रोल ठेवावे, एवढे केले की फिरवणे, सरकवणे आणि झूम या तिन्ही गोष्टी पेन न सोडता होतात. यात नवी आज्ञा एकही शिकावी लागत नाही. पेनाच्या दांड्यावर मात्र मागे घेणे, खोडणे किंवा बंद करणे अशी परिणाम करणारी कामे ठेवू नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण रेष ओढताना पकड घट्ट होते आणि अंगठा नकळत तिथेच टेकतो.

मराठी मजकुरासह काम करणाऱ्यांना आणखी एक अडथळा येतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत एलच्या कळेवर ‘त’ आहे; त्यामुळे मराठी कीबोर्ड चालू असताना रेषेसाठी एल पाठवणारे बटण दाबले की ऑटोकॅडच्या कमांड लाइनवर ‘त’ उमटतो आणि अशी आज्ञाच नाही असे उत्तर मिळते. नकाशावर मराठी नावे लिहिणाऱ्याला दिवसभर या दोन मांडण्यांमध्ये ये-जा करावी लागते. अशा माणसाने बटणांवर एकाक्षरी शॉर्टकट ठेवूच नयेत. फंक्शन कळांवर मॅक्रो बसवून त्या कळा बटणांना द्याव्यात, कारण भाषा बदलली तरी फंक्शन कळ बदलत नाही, आणि एक बटण विंडोज कळ व स्पेसबार या जोडीला देऊन भाषा बदलण्यासाठी राखून ठेवावे. नेहमीच्या कीबोर्डवर दिसत नसल्या, तरी एफ १३ ते एफ २४ या बारा कळा यूएसबी कीबोर्डच्या मानकात आणि विंडोजमध्ये आहेत. ज्या सॉफ्टवेअरला त्या चालतात, तिथे त्या बटणांना द्याव्यात, म्हणजे आधीच्या कोणत्याही शॉर्टकटशी त्यांचा तंटा होत नाही.

आतापर्यंत मी वेगाबद्दल आणि अचूकतेबद्दल लिहिले, पण ज्यांच्यासाठी ही बटणे सोयीच्या पलीकडची आहेत अशांचा विचार सगळ्यात शेवटी केला जातो, हे मला मनापासून खटकते. एका हाताने काम करणाऱ्या व्यक्तीला कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट धरून त्याच वेळी पेनाने रेष ओढणे शक्यच नसते. तिच्यासाठी ही जोडकळ एका बटणात बसवणे, किंवा एकदा दाबल्यावर धरलेली राहील आणि पुन्हा दाबल्यावर सुटेल अशी करणे, म्हणजे ते सॉफ्टवेअर वापरता येणे आणि न येणे यातला फरक आहे. विंडोजमधील स्टिकी कीज ही सोय याच कारणासाठी आहे, आणि शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर ती विचारणा पुढे येते. वैतागून ती विचारणा कायमची बंद करणाऱ्यांनी सामायिक संगणकावर तरी तसे करू नये. मनगट, बोटे किंवा अंगठा दुखू लागलेल्यांनाही वारंवार लागणारा ताण दुसऱ्या बोटाकडे किंवा पायाने दाबायच्या पेडलकडे वळवता येतो. डावखुऱ्यांसाठी बहुतेक पेन टॅब्लेट उलटे फिरवून ड्रायव्हरमध्ये तशी दिशा निवडता येते, म्हणजे बटणे उजव्या हाताकडे येतात. ही सोय आहे हे वर्गात सांगितले जात नाही, आणि डावखुरा विद्यार्थी हात ओलांडून बटणे दाबत राहतो किंवा ती सोडून देतो.

म्हणून माझी शिक्षणसंस्थांना विनंती आहे की कोणत्याही डिझाइन सॉफ्टवेअरच्या अभ्यासक्रमात उपकरणाच्या मांडणीला स्वतंत्र तास द्यावेत, आणि तेही अगदी पहिल्या आठवड्यात नव्हे, तर विद्यार्थ्याच्या हाताला स्वतःच्या कामाची सवय लागल्यानंतर. परीक्षेतही त्याला एक प्रत्यक्ष काम देऊन आपल्या बटणांची मांडणी सादर करायला सांगावे आणि प्रत्येक बटण तिथे का, हे विचारावे. पाठ केलेल्या शॉर्टकटच्या यादीपेक्षा त्या उत्तरातून त्याला काम किती समजले आहे हे जास्त कळेल.

कार्यालयांबद्दलही लिहिले पाहिजे. सुरक्षेच्या कारणाने संगणकावर बाहेरचे सॉफ्टवेअर बसवू न देणे मी समजू शकते. परंतु ज्या कीपॅडमध्ये मांडणी उपकरणातच साठते, ते संगणकाला साध्या कीबोर्डसारखेच दिसते आणि त्याला वेगळे काही बसवावे लागत नाही. खरेदी करणाऱ्यांनी असे पर्याय निवडले तर सुरक्षाही राहते आणि काम करणाऱ्याचीही सोय होते. जिथे दोन पाळ्यांत एकाच संगणकावर वेगवेगळी माणसे बसतात, तिथे प्रत्येकाला आपले वेगळे लॉगिन असावे, म्हणजे एकाची मांडणी दुसऱ्याच्या हाताखाली येणार नाही. फोटोशॉपमधील शॉर्टकटचा संच, ऑटोकॅडमधील सीयूआयची फाइल आणि ब्लेंडरमधील कीमॅप, म्हणजे कळांच्या नेमणुकीची यादी, या तिन्ही गोष्टी बाहेर काढून जपता येतात. संगणक नव्याने तयार करताना या फाइली जपणे हे तांत्रिक विभागाच्या कामाच्या यादीत असायला हवे. वर्षानुवर्षे हाताला बसलेली मांडणी एका दुपारी पुसली जाते आणि माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे मी सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांकडे माझे मागणे थोडे आहे. मांडणी साध्या, वाचता येईल अशा फाइलीच्या रूपात बाहेर काढता यावी. बटण दाबून धरले तर काय आणि सोडले तर काय, हे दोन्ही वापरणाऱ्याला ठरवता यावे. आणि नुसती बटणे नेमण्यासाठी खाते उघडण्याची किंवा इंटरनेट चालू ठेवण्याची सक्ती नसावी. खोक्यावर बटणांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते. तिच्याच शेजारी, बटणांची मांडणी उपकरणात साठते की संगणकावर सतत चालू असलेल्या ड्रायव्हरवर अवलंबून राहते, हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावे.

आपली नम्र,
डिझाइन सॉफ्टवेअर शिकवणारी एक वाचक